काडी घ्यावी की जातं

घरात तिला लहानपणापासून भिंगरी म्हणत, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते नाव सुटलं नव्हतं. लॅपटॉपच्या दुकानातली मुलगीही एव्हाना मनात तेच म्हणत असावी. काउंटरवर मांडलेल्या दोन लॅपटॉपांमध्ये येरझाऱ्या घालून भिंगरीने फरशी झिजवायचीच काय ती बाकी ठेवली होती.

एक काडीसारखा, दोन बोटांत उचलावा असा. दुसरा मोठ्या पडद्याचा, जाडजूड, नुसतं जातं. त्याचा चार्जरसुद्धा विटेएवढा.

"ताई, रोज घेऊन फिरायचं असेल तर हाच," मुलगी काडीवर हात ठेवून म्हणाली. "पर्समध्येसुद्धा मावतो."

"तो मावेल गं. माझं काम त्यात मावेल का?"

भिंगरीचं काम म्हणजे अजून न बांधलेल्या इमारती पडद्यावर उभ्या करायच्या. भिंती, उजेड, सावल्या, सगळं असं की गिऱ्हाइकाला आतून फिरून आल्यासारखं वाटावं. जुन्या लॅपटॉपने परवा कायमचे डोळे मिटले होते, आणि सोमवारी आर्किटेक्ट बाईंना एका सभागृहाची चालती सफर दाखवायची होती. बाई फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "कुठे अडखळली तर यापुढचं काम मी दुसऱ्या कुणाला तरी देईन हं." त्यांचा आवाज असा गोड झाला की काळजात धस्स व्हायचं.

सभागृहाची फाईल ती बरोबर घेऊनच आली होती. काडीवर ती आधी झरझर धावली. मुलगी हसली. मग काडी तापली, आतला पंखा किरकिरायला लागला, आणि सभागृहातल्या खुर्च्या धापा टाकत एकेक करून उगवू लागल्या. जात्यावर तीच सफर पाण्यासारखी वाहिली.

"मग हाच घ्या की."

"आणि रोज उचलणार कोण? तू येतेस?"

रोज उचलायचा, कारण रोज आत्याकडे जायचं. आई गेल्यावर भिंगरीला आत्यानेच वाढवलं. बस आगारात गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात आत्याची नोकरीची सगळी वर्षं गेली. वर्षापूर्वी झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं तुटलं. विहिरीतून ओढून काढावा तसा एकेक शब्द वर यायचा. तेव्हापासून भिंगरीचा नेम होता: दुपार आत्याकडे, तिच्या पलंगाशेजारी लॅपटॉप मांडून. नेम एकदाही मोडला नव्हता. आता जातं घेतलं तर तो मोडणार, आणि काडी घेतली तर पोटावर पाय.

"उद्या सांगते," म्हणून ती दुकानातून निघाली.

घरी पोचल्यावर जेवतानाही तेच. शेवटी नवरा वैतागला. "खांदा तुझा आणि ओझं माझ्या डोक्याला! तेवढं वजन पिशवीत भर, घेऊन फिर आणि काय ते ठरव."

ते मात्र तिला पटलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातल्या काट्यावर जोखून साखरेची पाकिटं, एक जाड शब्दकोश आणि वर इस्त्री पिशवीत घातली.

"इस्त्री कशाला?"

"चार्जर समज."

"माझ्या शर्टालाही तसंच समजाव मग."

आत्याच्या जिन्यावर पिशवीचा पट्टा खांद्यात रुतला. तिने खांदा बदलला, पुन्हा बदलला. वर पोचताच सवयीने खुर्ची ओढून ती खिडकीपाशी बसली. प्लग तिथेच होता, आणि जुन्या लॅपटॉपला वायरीशिवाय दम निघत नसे. पिशवी उघडली तर आत साखर आणि इस्त्री. हातांना काही कामच उरलं नाही. तिने औषधाच्या बाटल्या ओळीत लावल्या, टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली, उठली, बसली.

"तू..." आत्या म्हणाली.

"पाणी देऊ?"

मान हलली. नाही.

"उशी वर घेऊ?"

नाही.

एरवी इथेच पाण्याचा पेला हातात देऊन तिची नजर पडद्याकडे वळायची आणि बोलणं तिथेच राहायचं. आज वळायला पडदाच नव्हता. तोंडात आलेले चार शब्द तिने गिळले आणि ओठ चावत बसली. असं बसणं तिला जिन्यापेक्षा जड गेलं.

"तू... मधे... बसतेस," आत्या म्हणाली. पुन्हा शोधाशोध. "गाड्या... दिसत नाहीत."

भिंगरीने वळून पाहिलं. खाली, अगदी समोर, बसथांबा.

"कधीपासून सांगतेयस हे?"

आत्याने डावा हात मागे, लांबवर केला.

"अगं, आणि मी पाणीच देत राहिले!"

"पिऊन... पिऊन... फुगले," आत्या म्हणाली, आणि तिचा अर्धा ओठ हसला.

भिंगरीलाही हसू आलं. रोज न चुकता देवापुढे दिवा लावावा आणि त्याच्याकडे पाठ करून बसावं, तसा हा नेम तिने वर्षभर पाळला होता. तिने खुर्ची उचलून पलंगाच्या पायथ्याशी नेली. खाली गाडी आली. आत्याने डोळे बारीक केले.

"उशीर," ती समाधानाने म्हणाली.

परतताना भिंगरी दुकानात शिरली आणि जातं घेऊन आली. सोमवारी ते एकदा बाईंच्या ऑफिसात न्यायचं, त्याला टॅक्सी होती.

दुसऱ्या दुपारी तिने सफरीतला उजेड आणि सावल्या पक्क्या करायचं, काही तासांचं काम त्याला लावून दिलं. यंत्र घुमायला लागलं. त्याचं दळण संपेपर्यंत त्याच्यापुढे बसून उपयोग नव्हता. ती मोकळ्या खांद्याने निघाली आणि वाटेत काहीतरी विसरल्यासारखी सारखी खांदा चाचपत राहिली. आत्याकडे बसली तरी जीव घरीच. अडकलं तर नसेल? वीज गेली असेल का?

"तू..."

भिंगरी थांबली. पाणी म्हणाली नाही, उशी म्हणाली नाही.

"तू... पाय... हलवू नकोस. पलंग... हलतो."

तिने दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. खाली ब्रेक करकरले, आणि दोघींनी एकदमच मान लांब केली.