प्रार्थनेचा विषय

हॉलच्या खिडकीची सरकती काच रुचिराने लॉक केली, वर दोन्ही हँडलं ओढणीने करकचून बांधली, तरी पुन्हा जाऊन गाठ ओढून पाहिली. विक्रोळीतल्या नव्या टॉवरमधला अकरावा मजला. चटईवर अनुग्रह पालथा पडून मुठी चोखत होता. नुकता कुठे पालथा पडायला लागला होता तो.

बाळ पडेल ही भीती कुठल्या आईला नसते? रुचिराची भीती निराळीच होती. ऐन बाराच्या उन्हात, कुकरची शिट्टी होत असताना मनात कुणीतरी म्हणायचं: उचल त्याला, खिडकीशी ने, आणि हात सोड. विचार तिचा नव्हता, आवाज मात्र तिचाच होता.

एकदाच तिने त्यातलं अर्धंमुर्धं सासूला, रत्नप्रभाबाईंना, सांगितलं होतं. "आई, मला बाळाबरोबर एकटीला भीती वाटते." झालं. बुधवारी चर्चच्या महिला मंडळाच्या सभेत रत्नप्रभाबाईंनी डोळ्यांना पदर लावून प्रार्थनेचा विषय दिला: "माझ्या सुनेचं मन थाऱ्यावर नाही, भगिनींनो. तिच्यासाठी मागा." त्यात वाकडं काही नव्हतं. त्यांच्या मंडळीत मूतखड्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं असंच मांडायचे, असंच एकमेकींसाठी मागायचे. पण रविवारी चर्चच्या पायरीवर एकीने "दे गं, तू दमली असशील" म्हणत बाळ काढून घेतलं, ते उपासना संपेपर्यंत परत दिलं नाही. दुसरी कानाशी लागून म्हणाली, "तुझ्यासाठी उपास धरलाय हं."

त्या संध्याकाळी रुचिरा सासूला म्हणाली, "तुम्ही मला चव्हाट्यावर मांडलंत. यापुढे माझ्या घरी यायचं नाही."

चर्च सुटलं, माणसं सुटली. नवऱ्याला, सुयोगला, सांगावं तर तो आईला सांगेल. आणि प्रार्थना? देवाला सांगितलेलंही बुधवारपर्यंत मंडळीत पोचेल असं तिला वाटायचं. म्हणून तिने देवाशीही अबोला धरला.

आज मात्र भलतंच झालं. अनुग्रह किरकिरला म्हणून तिने त्याला खांद्यावर घेतलं, फेऱ्या मारल्या, आणि भानावर आली तेव्हा ती खिडकीशी उभी होती. मोकळा हात ओढणीच्या गाठीवर होता. गाठ बघायला ठेवला होता की सोडायला, हे तिलाच सांगता येईना.

तिने बाळाला चटईवर ठेवलं, मोबाइल घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन आतून कडी घातली. आता मध्ये दार होतं. बाहेर अनुग्रह टाहो फोडत होता. सुयोग विमानतळाच्या कार्गोत कामाला, तिथे फोन गेटवरच जमा करावा लागे. बोटाने आपणहून सासूचं नाव दाबलं.

"आई, या. मी बाथरूममध्ये आहे. बाळ बाहेर आहे. मला बाहेर येववत नाही."

"निघाले," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "फोन ठेवू नकोस."

मुलुंडहून रिक्षा. फोनमधून हॉर्न, खड्डे, "दादा, जरा दाबा ना" एवढंच ऐकू येत होतं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. आणि मध्येच बाहेरचं रडणं थांबलं.

रुचिराचा हात कडीवर गेला. का थांबलं? उघडून बघावं, तर आपण त्याच्याजवळ जाऊ. न बघावं, तर काय झालं ते कळणार कसं? ती कडीवर कपाळ टेकून उभी राहिली. बेल वाजली तेव्हा तिने डोळे मिटून बाथरूमचं दार उघडलं, मग किंचित डोळे उघडले. अनुग्रह झोपला होता. गालावर चटईची नक्षी उमटली होती.

तिने बाहेरचं दार उघडताच रत्नप्रभाबाई घामाने निथळत आत आल्या. त्यांनी नातवाला अलगद मांडीवर घेतलं. "बस आधी."

"कुणाकुणाला सांगाल आता?"

"कुणाला नाही."

"तसं तुम्ही म्हणणारच."

"म्हण काय म्हणायचं ते. तू मला बंदी केलीस ना, तेव्हापासून मी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेतलेली नाही. तबक आलं की पुढे सरकवते. ज्याचं कुणाशी बिनसलंय त्याने आधी समेट करावा, मग भाकरीला हात लावावा, हे संडे स्कूलच्या पोरांना मीच शिकवलं. आता मंडळातली ती शर्मिष्ठा दर वेळी खोदून विचारते, बाई, असं काय पाप केलंत? मी म्हणते, आहे एक."

"मग सांगून टाकायचं होतंत."

"म्हणजे पुन्हा तुझंच नाव निघालं असतं." त्यांनी बाळाच्या अंगावर पदर ओढला. "चुकले मी, बाळा. तुझं दुखणं तुला न विचारता वाटत सुटले. क्षमा कर."

रुचिरा त्यांच्यासमोर फरशीवर बसली. मग म्हणाली, "आई, मला वाटतं मी त्याला खिडकीतून टाकेन."

सासूचा चेहरा पांढराफटक पडलेला तिला दिसला. आता या उठतील, बाळाला घेऊन जातील. रत्नप्रभाबाई उठल्या नाहीत. सरकत सरकत अगदी तिला खेटून बसल्या. बाळाचे पाय रुचिराच्या मांडीवर आले.

"टाकायचंय का तुला?"

"नाही हो. म्हणून तर कोंडून घेतलं."

"मग हे दुखणं आहे, तू नव्हेस. संध्याकाळी डॉक्टरकडे जाऊ. आत तू एकटी बोल, मी बाहेर बसेन. आणि तोवर मी इथेच आहे."

"मला वाटलं, प्रार्थनेने भागेल म्हणाल."

"ती मुलुंडपासून इथवर चाललीच होती. रिक्षावाला सारखा आरशात बघत होता."

रुचिराला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडू. रडता रडताच ती म्हणाली, "आता माझ्यासमोर करा."

रत्नप्रभाबाईंनी घसा खाकरला. मंडळीत त्यांची प्रार्थना लांबलचक असायची. "प्रभू," त्या म्हणाल्या, "आम्ही दोघी फार घाबरलोय." पुढचं काही त्यांना सुचेना.

रुचिरानेही आमेन लगेच म्हटलं नाही. आधी तिने बाळाचं पाऊल मुठीत धरलं. खिडकी समोरच होती, तरी तिने हात काढला नाही.