उत्तरेला, खरंच

शनिवारी सकाळी आठ वाजून बावन्न मिनिटांनी लिऑन ह्रुस्काला थोरल्या भावाचा फोन आला आणि अकरा सेकंदांत तुटला. "लिऑन, बोटीत पाणी शिरलंय. मोटर बंद पडली. आम्ही तिघं—" एवढंच. मागे नुसता वारा. उलट लावला तर लागेना.

लिऑन मासेमारीचा गाइड; त्याची बोट जलाशयाच्या मधोमध होती. बोटीवर दोन गिऱ्हाइकं: शाळेची बस चालवून निवृत्त झालेले वेंडेल गॅडिस आणि त्यांची बायको नॉर्मा. कुरव पक्षी पाण्यावर तुटून पडतील तिथे बोट न्यायची, शिशाचं चकचकीत आमिष तळापर्यंत सोडायचं आणि हलकेच उचलत राहायचं, असा सकाळपासूनचा उद्योग. बर्फाच्या पेटीत एकतीस व्हाइट बास मासे पडले होते. त्यातले बावीस नॉर्माचे.

"हे बस चालवतानासुद्धा असेच थांबे चुकवायचे," ती थोड्या वेळापूर्वीच म्हणाली होती.

अंदाजाप्रमाणे साडेनऊला यायचा उत्तरेचा वारा सव्वाआठलाच आला. पाणी अठ्ठेचाळीस अंश फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम नऊ सेल्सियस होतं. अशा पाण्यात पहिल्या दहा मिनिटांत हातपाय हुकूम मानेनासे होतात. लाइफ जॅकेट असेल तर माणूस तासभर तग धरतो. बाकीचे गाइड परत गेले होते. उरला लिऑन.

जलाशय एकोणीस मैल लांब. एर्विन कुठे होता?

पहाटे सव्वासहाला धक्क्यावर लिऑनने रिवाजाप्रमाणे विचारलं होतं, "आज कुठे?" तिथला कुठलाही गाइड या प्रश्नाला खरं उत्तर देत नाही. मासा कुठे आहे ते सांगणं म्हणजे आपलं ताट दुसऱ्यापुढे सरकवणं. ह्रुस्का भावांचं तर चौदा वर्षं असंच चाललं होतं. एर्विनचं खोटं इतकं नेमाचं की लिऑन त्यावर बेधडक विसंबायचा. एर्विन उत्तर म्हणाला की समजायचं, दक्षिण.

"उत्तरेला," एर्विन म्हणाला होता. "सीडर खाडीच्या तोंडाशी." बायकोने दिलेली खसखशीचं सारण भरलेल्या कोलाची पावांची पिशवी भावाच्या हातात ठेवून तो जरा घुटमळला. "खरंच."

"हो, आणि मी चंद्रावर चाललोय."

एर्विन हसला नाही. त्याची दोन गिऱ्हाइकं थंडीने हात चोळत उभी होती. तो बोटीत चढला आणि अंधारात निघून गेला.

लिऑनने गस्तीच्या बोटीला फोन लावला. पलीकडे एक बाई होती.

"शेवटचं ठिकाण काय सांगितलं त्यांनी?"

"उत्तर. म्हणजे तो दक्षिणेला आहे."

"मिस्टर ह्रुस्का, नीट सांगा. उत्तर की दक्षिण?"

"दक्षिण. धरणाची भिंत. माझा भाऊ आहे तो, बाई. मी ओळखतो त्याला."

गस्तीची बोट गाडीमागे जोडलेली होती. ती दक्षिणेच्या धक्क्याकडे निघाली. पाण्यात उतरायला चाळीस मिनिटं लागणार होती.

"तुम्हाला आधी काठावर सोडतो," लिऑन गॅडिस दांपत्याला म्हणाला.

"आम्हाला सोडण्यात वेळ घालवायचा नाही," नॉर्माने जॅकेटचा पट्टा आवळला. "चला, कॅप्टन. वेंडेल, दुर्बीण घ्या. आता तरी काही चुकवू नका."

वारा पाठीशी होता. बोट दक्षिणेला सुसाट गेली. भिंतीजवळ कुरवांचा थवा घिरट्या घालत होता, आणि लिऑनला वाटलं, बरोबर, हा इथेच आला असणार. पण पक्ष्यांखाली फक्त फेसाळ पाणी होतं. वेंडेलनी दुर्बीण डावीकडून उजवीकडे फिरवली, पुन्हा डावीकडे आणली. काही नाही.

नऊ वाजून अकरा मिनिटांनी एर्विनच्या बायकोचा, बर्निसचा फोन आला. गस्तीवाल्यांनी तिला कळवलं होतं.

"लिऑन, ते तुला दक्षिणेला का शोधायला लावतायत?"

"मीच लावलंय. त्याने मला उत्तर सांगितलं."



"अरे, मंगळवारी डॉक्टरांनी त्याला झापलं. म्हणाले, छातीत असं दुखत असताना पाण्यावर जाता, तर कुठे जाता ते एका माणसाला तरी ठाऊक हवं. काल जेवताना म्हणाला, उद्यापासून लिऑनला खरं सांगणार."

"बर्निस, असं तो दर वर्षी म्हणतो."

"दर वर्षी हसत म्हणतो. काल हसला नाही. त्याने 'खरंच' म्हटलं का तुला? मी म्हटलं होतं, खरंच म्हण, नाहीतर तो मूर्ख विश्वास ठेवणार नाही."

लिऑनने फोन ठेवला. त्याने बोट वळवली आणि गस्तीला फोन केला. "उत्तर. सीडर खाडी. मी चुकलो." गाडी रस्त्यात होती; ती तिथूनच मागे फिरली.

आता वारा तोंडावर. पंधरा मैल. प्रत्येक लाट बोटीच्या नाकावरून आत येत होती. वेंडेल कॉफीच्या डब्याने पाणी उपसत होते. बोट हलकी करायला लिऑनने शिशाच्या आमिषांची पेटी पाण्यात भिरकावली, नांगरही फेकून दिला. मग नॉर्माने न विचारता माशांची पेटी बोटीच्या कडेला टेकवली आणि उपडी केली. एकतीस मासे बर्फासकट गेले.

"एर्विन!" लिऑन ओरडला. अजून अकरा मैल बाकी होते, ते त्यालाही माहीत होतं. तो ओरडतच राहिला.

दहा वीसला गस्तीवाल्या बाईचा फोन आला. खाडीच्या तोंडापासून दीड मैल दक्षिणेला एक पांढरी पेटी तरंगताना सापडली होती. झाकणावर ई. एच. अशी अक्षरं. आत बारा मासे.

"भावाचीच ना?"

"त्याचीच."

अकराला दहा कमी असताना लिऑन तिथे पोचला. एर्विनची बोट उलटी, अर्धी बुडालेली, पाण्यात बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांच्या रांगेत अडकली होती. जवळ कोणी नव्हतं. काठावर दाट लव्हाळा होता आणि त्यात गस्तीचे दोन जण हाका मारत फिरत होते.

एर्विनच्या बोटीवर माणशी एक, अशी तीन लाइफ जॅकेट असायची. सव्वाअकरापर्यंत त्यातलं एकही रिकामं तरंगताना कुणाला दिसलेलं नव्हतं; म्हणजे ती तिघांच्या अंगावर असावीत.