माझ्या उबेचा दोष

मी काचघर बोलतंय. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली तरी माझ्या पोटात उकडतं, कारण कडेने गरम पाण्याचे नळ फिरवलेत. जरा नाजूक माणूस दिसला की लोक त्याला 'काचघरातलं रोप' म्हणतात आणि बोल मला लावतात. मी फक्त ऊब देतं. ती किती दिवस द्यायची, हे माणसं ठरवतात.

माझा मालक रोपवाटिकेच्या कामात पक्का. विकण्याआधी रोपं दहा दिवस बाहेर ठेवतो. आधी तासभर, मग दुपारभर, मग अख्खा दिवस. पहिल्याच वाऱ्यात ती माना टाकतात. गिऱ्हाईक घाबरलं की हा हसतो, "मेली नाहीत हो, बाहेरची हवा शिकतायत."

एवढं कळणाऱ्या माणसाने पोटच्या पोरीला मात्र एकोणीस वर्षांत तासभरही एकटं सोडलं नाही. शाळेत सोडायला हा, आणायला हा. तिची सायकल अंगणातच गंजली.

यंदा ती भांडून दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. नवव्या दिवशी तापाने फणफणून, रडत परत आली. बापाच्या जिवाला केवढा गारवा! बरी होऊन ती माझ्यात कुंड्या रचायला लागली, तेव्हा पाणी घालता घालता म्हणाला, "सांगत होतो ना? तुला बाहेरचं मानवायचं नाही. इथे काय कमी आहे?"

काचा फोडून घ्याव्यात असं वाटलं मला. ही मोठी माणसं आधी पोरांना पांगळं करतात, मग पांगळेपणाचा दाखला त्यांच्याच हातात देतात. वर त्याला माया म्हणतात!

पोर खाली मान घालूनच बोलली, "बाबा, परवा बाहेर टोमॅटोची रोपं लोळली होती. ती आत का नाही आणलीत?"

"आत आणली की कायमची गेली. पुन्हा बाहेर तगत..."

झारीचं पाणी एकाच कुंडीत पडत होतं. ती भरून वाहिली.

"माझी रजा रविवारपर्यंत आहे," पोर म्हणाली.

रविवारी तिने पिशवी उचलली.

"स्टेशनपर्यंत येतो."

"फाटकापर्यंत या."

तो फाटकाशी थांबला. ती वळणाआड गेली तरी तिथेच. वाऱ्याने त्याचेच खांदे पडले होते. दहा पावलांवर माझी ऊब होती. त्याला कुणी आत बोलावू नका, एवढंच माझं मागणं.