गुळगुळीत चित्र

इस्पितळात तिला सगळे घुबड म्हणत, आणि तेही कौतुकाने. कामच तसं होतं. कॅन्सरची गाठ जाळणारं यंत्र ध्वनिलहरी शरीरात एका बिंदूवर गोळा करायचं. ना सुरी, ना टाका. आत नेमकी गाठच जळतेय की शेजारपाजारही पेटलाय, हे तिने सोनोग्राफीच्या पडद्यावर डोळ्यांत तेल घालून बघायचं. जळलेली जागा पडद्यावर पांढरी दिसते. गाठीभोवती आखलेल्या गोलाच्या आत पांढरं दिसलं की म्हणायचं "बरोबर". बाहेर दिसलं की म्हणायचं "थांबा", आणि डॉक्टर पॅडलवरचा पाय उचलणार. अकरा वर्षं तिची नोकरी या दोन शब्दांवर चालली होती.

आज टेबलावर तिचा मामा होता. यकृतात लिंबाएवढी गाठ. आई गेल्यावर यानेच तिला वाढवलेलं, वेण्या घालायला शिकला तोही तिच्यावरच. त्या वेण्यांचे फोटो तिने लपवून ठेवलेत. नातेवाइकाला पडद्यासमोर बसवायचं नाही, असा नियम होता. ती हटून बसली. "माझ्या मामाला मी दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर सोडणार नाही." नियमाने माघार घेतली.

मामाला कुशीवर झोपवलं, बरगड्यांखाली पाण्याची थंड पिशवी लावली. गुंगीचं औषध बेताचंच दिलं, कारण पेशंटने बोलतं राहायला हवं. हातात घंटेला जोडलेला रबरी फुगा दिला.

"भाजल्यासारखं झालं की हा दाबायचा," डॉक्टर म्हणाले. "भीड धरायची नाही."

"भीड कसली, डॉक्टरसाहेब," मामा म्हणाला, आणि चुकून दाबला जायला नको म्हणून त्याने फुगा उशीपलीकडे नीट ठेवून दिला. भाचीचं ऑफिस होतं. तिथे घंटा वाजवून लोकांना कामाला लावणं त्याला बरं दिसलं नसतं.

"मामा, तो हातात धर."

"धरतो गं. आधी तुझे साहेब सुरू तर करू देत. चौतीस वर्षं मी बटणांची भोकं तपासली. एकदा तीन भोकांचं बटण आलं. मॅनेजर म्हणतो, चौथं शोधा. दोन दिवस शोधत होतो."

डॉक्टर हसले आणि पॅडल दाबलं. पहिला मारा. काही क्षण गेले, पाय उचलला.

"काय दिसतंय?"

"काहीच नाही, सर."

"जाड आहे गाठ. वाढवू या."

दुसरा मारा. पडदा तसाच. इतकं सुंदर यकृत तिने कधी पाहिलं नव्हतं. एकसारखं, मऊ, जणू आत्ताच इस्त्री करून घडी घातलेलं. मामाच्या आत एवढा टापटीपपणा असेल असं त्याच्या कपाटावरून वाटत नसे.

"मामा, भाजत नाही ना?"

"छे गं. छान ऊब आहे. घरी का नाही घेत असलं एक?"

"वाढवू या," डॉक्टर म्हणाले.

तिसरा मारा. गोल रिकामाच.

"मामा?"

"मजेत."

एका शब्दात उत्तर देणारा मामा तिने आजवर पाहिला नव्हता. साधी वेळ विचारली तरी हा घड्याळ कुठून घेतलं इथपासून सुरुवात करायचा. तिने मान वळवली. त्याच्या पायाची बोटं आत वळली होती आणि वरच्या ओठावर घाम होता. तिच्याकडे बघून तो हसला. पाहुण्यांसमोर दातदुखी लपवताना हसतात तसं.

"अजून थोडं वाढवतो," डॉक्टर म्हणाले. "यंत्राचं काय, ऐकत नाही तोवर बोलत राहायचं."

चौथा मारा झाला आणि तिच्या लक्षात आलं की पडद्यावर दाणेच नाहीत. सोनोग्राफीचं चित्र म्हणजे सांडलेली वाळू. ती वाळू बघण्यातच तिचा जन्म गेला होता. इथे एक कण नव्हता.

काल इस्पितळाच्या कॅलेंडरसाठी फोटो काढायला माणूस आला होता. चित्र फार खरबरीत आहे, भिंतीवर शोभणार नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. तिने चित्र गुळगुळीत करायचं बटण दाबून दिलं. दाणे, ठिपके, मध्येच उमटणारं पांढरं, जे जे चित्राला शोभत नाही ते ते यंत्र पुसून टाकू लागलं. फोटो जूनच्या पानासाठी पसंत पडला. बटण बंद करायचं राहिलं.

म्हणजे गाठ पहिल्याच माऱ्यापासून जळत असणार. दिसत नाही म्हणून सर आच वाढवत होते, आणि ती "काहीच नाही" म्हणत होती.

तिला आधी नोकरी आठवली, मग मामा. दोघांमध्ये फार तर तीन सेकंदांचं अंतर होतं. तेवढ्यात सरांनी पाचवा मारा सुरू केला.

"थांबा."

पाय उचलला गेला. "काय झालं? पांढरं दिसलं?"

"नाही, सर. दिसणारच नाही. मी चित्र गुळगुळीत ठेवलंय. कालपासून."

तिने बटण बंद केलं. पडद्यावर वाळू परत आली. गोल पांढरा होता, काठोकाठ. गोलापासून वर कातडीपर्यंत एक पांढरा पट्टा आला होता, रुंद, सावकाश फुलणारा. पाय उचलून अर्धं मिनिट झालं तरी तो विरत नव्हता.

डॉक्टरांनी यंत्राचा मुख्य खटका बंद केला. पंखा थांबला तेव्हा कळलं, इतका वेळ तो चालू होता.

"झालं का?" मामाने विचारलं. "मघाशी जरा चटके बसत होते, पण म्हटलं, सगळ्यांसमोर तुला कशाला खाली बघायला लावायचं. आता काही नाही. आता अगदी बरं वाटतंय."

कातडी दुखते तोवर जिवंत असते, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तिने पाण्याची पिशवी बाजूला केली. बरगड्यांखाली तळहाताएवढी जागा पांढुरकी पडली होती. तिने तिथे बोट टेकवलं. ती जागा पुठ्ठ्यासारखी कडक लागली. तिने जोर दिला, मग नख रोवलं.

"मामा, मी हात लावलाय. कळतंय?"

मामाने मान उचलून, तिच्या मदतीला यावं अशा उत्साहाने इकडेतिकडे पाहिलं.

"कुठे लावलायस?"