नाताळच्या बिअरचे विरजण

तोरब्योर्गने बाही वर सारून कोपर पिंपातल्या तांबूस रसात बुडवले. "अजून ऊन आहे," ती पुटपुटली. "घटकाभर थांबायला हवं."

मोड आणून वाळवलेले जव गरम पाण्यात मुरले होते, ज्युनिपर या सुगंधी झुडपाच्या डहाळ्यांतून गाळूनही झाले होते. आता रस अंगाइतका कोमट झाला की विरजण लावायचे. उशीर झाला, तर सारे वाया. नाताळची बिअर या घरात तोरब्योर्गच करी. लग्न होऊन आल्यापासून तिने ते काम नवऱ्याच्या हाती जाऊ दिले नाही, मुलाच्या, ब्रिन्युल्फच्या, तर नाहीच. सून ओडनी बेर्गेन शहरातली. तिच्या वाट्याला चूलघरात लाकडे आणि पाणी एवढेच येई.

फळीवर विरजणाच्या दोन बरण्या होत्या. एकीत गेल्या नाताळचे, दुसरीत ऑक्टोबरातल्या पिंपाचे. बरण्यांवर चिठ्ठ्या लावणे तोरब्योर्गला कमीपणाचे वाटे. नाक असताना चिठ्ठी कशाला?

पण उन्हाळ्यातल्या तापाने तिचे नाक नेले होते आणि जीभही. ताप उतरला, वास परतला नाही. कॉफी नुसती ऊन लागे, वाळवलेले मटण नुसते चिवट. हे तिने कोणालाच सांगितले नव्हते. ऑक्टोबरात पिंप उघडले, तेव्हा रिवाजाप्रमाणे पहिला वाडगा तिने घेतला आणि "उत्तम" म्हणाली. खोऱ्यातले शेजारी एरवी बिअरवर वाद घालत उठवल्याशिवाय उठत नाहीत. त्या दिवशी एकेक वाडगा होताच सगळ्यांना एकाएकी घरच्या गाई आठवल्या आणि ते उठले.

तिने दोन्ही बरण्या उघडून नाकाशी धरल्या. काही नाही; कोणती कुठली, ते कळेना. कोपर पुन्हा बुडवले. वेळ झाली होती.

"ओडनी! इकडे ये. दार लाव."

"काय सांडलं, आई?"

"काही सांडलेलं नाही. हे हुंग."

"मी? इथं मला शिंकायचीही परवानगी नसते."

"तोंड बंद ठेव आणि नाक चालव."

ओडनीने पहिली बरणी हुंगली आणि मान मागे घेतली. "शी! ब्रिन्युल्फचे मासेमारीचे बूट!"

"माझ्या मुलाचं नंतर. ही?"

"ही छान आहे. संत्र्याच्या सालीसारखी." ओडनी थांबली. "आई, तुम्हाला वास येत नाही?"

तोरब्योर्गने पिंपावरची वाफ हाताने बाजूला सारली. "जूनपासून."

"आणि मला वाटलं, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणं तुम्ही दया म्हणून सोडलंत!"

"दया कसली? कळतच नव्हतं."

"मग आधीच आजारी पडायचं होतं."

तोरब्योर्गच्या ओठांचा कोपरा हलला. "ती बुटांची बरणी शेणखड्यात टाक. दुसरी तूच ओत. सावकाश. आणि ढवळू नकोस, मी सांगेपर्यंत."

पिंप उघडायच्या दिवशी चूलघर भरले. शेजारचा म्हातारा आनफिन सर्वांत पुढे बसला होता, पण टोपी न काढता, लगेच उठायच्या तयारीत. तोरब्योर्गने लाकडी वाडगा भरला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने वाडगा ओडनीच्या हाती दिला.

"आधी ही पिणार."

"का गं?" आनफिन म्हणाला. "विष घातलंस की काय?"

"मला वास येत नाही, आनफिन. चवही कळत नाही. ऑक्टोबरात सगळे निमूट प्यायलात. एकानं तरी तोंड उघडायचं."

आनफिनने जमिनीकडे पाहिले. "तुझ्यापुढे? कुणाची छाती होती?"

ओडनीने घोट घेतला, तोंडात घोळवला, पुन्हा घेतला.

"चांगली आहे," ती म्हणाली. "पण आई, ज्युनिपर थोडा जास्त झालाय."

"जास्त?" आनफिनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "शहरातल्या पोरीनं आम्हाला ज्युनिपर शिकवायचा? आण इकडे!"

मग कोणी जास्त म्हणाले, कोणी कमी, आणि आवाज चढत गेले. तोरब्योर्ग थोडा वेळ पिंपाशी उभी राहिली. मग पळी ओडनीच्या हाती देऊन तिने आनफिनला सरकायला लावले आणि पाहुण्यांच्या बाकावर बसली. वाढत वाढत ओडनी तिच्यापर्यंत आली, तेव्हा तिने इतरांसारखाच आपला वाडगा पुढे केला.