पडद्याआडचं तळं

जलरंगाला उजेड बाधतो. म्हणून किलब्रॅनच्या चित्रशाळेत ‘तळ्यावरचं धुकं’ हे चित्र फक्त जानेवारीत भिंतीवर यायचं, कारण आयर्लंडच्या त्या टोकाला जानेवारीत सूर्य नावापुरताच असतो. बाकी वर्षभर ते पेटीत झोपायचं. गावातले पुष्कळ लोक याच्या अगदी उलट करत.

बेकरीतला फर्गल दर जानेवारीत भर दुपारी, सगळं गाव जेवायला गेलं की यायचा. भुवयांवर पीठ, हातात टोपी. खरं तर तो यायचा राखणदार डिंप्नासाठी. तिला चहाला विचारायचं एवढंच त्याच्या मनात होतं. पण हिंमत गोळा होईस्तोवर चित्राकडे बघावं लागे. आणि बघता बघता तो खरोखरच हरवायचा. कसला तो गहिरा हिरवा रंग! तळाशी सोनेरी गवताची किनार. मधेच एखादी चुणी हलकेच हले, जणू पाण्याखालून कुणी कूस बदलली.

आज डिंप्ना खुर्चीतून उठून आपणहून जवळ आली. फर्गलने घाईघाईने भुवयांवरचं पीठ पुसलं.

“एक विचारू? लोक येतात, पडदा वर करतात, बघतात, जातात. तुम्ही कधीच वर करत नाही. न बघताच दिसतं का हो तुम्हाला?”

“पडदा?” फर्गल म्हणाला.

समोरचा हिरवा रंग एका दांडीला कड्यांनी अडकवलेला होता. चौकटीवर उजेड पडू नये म्हणून. हे त्याला आत्ता दिसलं.

आता ‘हो’ म्हटलं, तर तो तिच्या लेखी संत ठरणार होता. ‘नाही’ म्हटलं, तर ठार वेडा. संताला चहाला जाता येतं का, हे त्याला नक्की ठाऊक नव्हतं.

“मला वाटलं, हेच चित्र आहे,” तो म्हणाला.

डिंप्नाने पडदा वर केला. आत राखाडी तळं होतं, आणि धुक्यात एक दिवा, कुणी धरलाय ते न दिसणारा. फर्गल बघत राहिला. त्याला बूट ओले झाल्यासारखे वाटले. त्याने खाली पाहिलंही. दिवा किंचित लांब गेला होता. किंवा फर्गलच मागे सरकला होता.

“कसं आहे?” तिने हळूच विचारलं.

“सुंदर. पण...” त्याने तिच्या हातातल्या पडद्याकडे पाहिलं. “हिरव्यात जास्त खोली होती.”

डिंप्नाने पडदा सोडला.

“माझी खुर्ची याच्यासमोर असते. राखणदाराने पडदा उगाच वर करायचा नाही, असा नियम आहे. दिवसभर मी हाच बघते.” ती कुजबुजली, “कुणाला सांगू नकोस. डाव्या अंगाला बदकं आहेत.”

“रफू केलंय तिथे?”

“त्याच्या वर. उडतायत.”

फर्गलने मान तिरकी केली.

“नाही गं,” तो म्हणाला, “उतरतायत.”

तिने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. मग ती खुर्चीवरचा कोट आणायला गेली.

“चल,” ती म्हणाली, “चहा घेता घेता भांडू.”