तिची तबकं माझ्या मागे

लुडमिला कारखान्यात नवी कामाला आली आणि आठवड्याच्या आत तिनं माझ्या हातातली किटली काढून घेतली. कारखान्यात आत, युरेनियमच्या भुकटीपाशी, घोटभर पाणीसुद्धा प्यायची बंदी, म्हणून आमचा माते नावाचा चहा बाहेरच्या खोलीत हातोहात फिरतो. कडू पाल्यानं भरलेला एकच तुंबा, ओढायला एकच नळी आणि गरम पाणी ओतणारं माणूसही एकच. ते माणूस म्हणजे मी.

"डोन्या झुलेमा, तुम्ही बसा हो, मी ओतते," ती कोर्दोबा शहराकडच्या गोड हेलात म्हणाली, आणि आमचे पुरुष कसे पाघळले ते बघायला हवं होतं. माझा पापड मोडला तो तेव्हापासून.

पोर माझ्या मुलीच्या वयाची. तिच्यावर काय जळायचं, असं मनाला दहादा बजावलं. मन कुठलं ऐकतंय? जळत होते, सरळ सांगते.

त्यात भट्टीचे प्रमुख डॉन एवारिस्तो निवृत्तीला आले. त्यांची खुर्ची मला मिळणार असं मी धरूनच चालले होते. पण ही बया येऊन म्हणाली, इंधनाच्या गोळ्यांसाठी भुकटी आणखी बारीक दळा. दाबलेली कच्ची गोळी खडूसारखी ठिसूळ असते, भट्टीत भाजली की आक्रसून घट्ट होते. किती घट्ट झाली, त्यावरच सगळं. माझी कृती इतकी वर्षं चालत आलेली, आणि ही कालची मला दळण शिकवणार.

डॉन एवारिस्तोंनी निवाडा केला. "एकाच फेरीत दोघींच्या गोळ्या भाजा. जिच्या जास्त घट्ट, तिची कृती चालेल. खुर्चीसुद्धा तिचीच."

आमची भट्टी म्हणजे लांबलचक तापलेला बोगदा. गोळ्यांची तबकं एकामागे एक आत जातात. मागून नवं तबक सरकवलं की सगळी रांग पुढं जाते आणि पलीकडच्या टोकाला एक तबक बाहेर पडतं. माझी तबकं आधी गेली. तिची माझ्या मागे.

तिनं पहिलं तबक उचललं, तेव्हा मला त्याचा खालचा कोपरा दिसला. वाकडा होता. तापून तापून तबकं अशी वाकतात. मग ती मधेच अडतात आणि सगळी रांग खोळंबते. अडू दे, म्हटलं. बस म्हणावं मग खुर्चीवर.

आणि लगेच डोक्यात आलं, माझी तबकं पुढं आहेत. हिचं अडलं तर माझी कोण ढकलणार? माझ्याही गोळ्या आतच वाया जातील.

"ए पोरी, ठेव ते खाली," मी म्हटलं. "कोपरा बघ. दुसरं घे."

तिनं वाकून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "बाई गं. तुम्ही नसतात तर काय झालं असतं?"

"हात चालव," मी म्हटलं.

माझ्या गोळ्या छान निघाल्या. तिच्या केसभर जास्त घट्ट निघाल्या. मी हट्टानं पुन्हा मोजायला लावल्या, तरी तेच.

डॉन एवारिस्तोंच्या निरोपाला अंगणात मांस भाजलं. सगळे जेवायला बसल्यावर लुडमिला उभी राहिली. "मला सांगितलं होतं, झुलेमा तुला पाण्यात पाहते. पण माझं वाकडं तबक यांनीच थांबवलं, तेही खुर्ची पणाला लागलेली असताना. मी असते तर गप्प बसले असते."

टाळ्या पडल्या. डॉन एवारिस्तोंनी डोळे पुसले.

"झुले, तुझं मन एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं," दाबयंत्रावरचा हुगो म्हणाला.

"मलाही नव्हतं," मी म्हटलं. सगळे हसले. त्यांना तो विनय वाटला.

खरं कारण सांगितलं असतं, तर खुर्चीपाठोपाठ हे मोठं मनही गेलं असतं. म्हणून गिळलं. आता माझ्याकडे जो काही मान आहे तोही तिनंच दिलेला, आणि तो मिरवत जन्मभर तिच्या हाताखाली राबायचं.

पहिला तुंबा तिनं माझ्याकडेच दिला. मी ओढला. माझ्याहून चांगली ओतते मेली.